पेटीवरची बंदी : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

विषय एकदाचा ठरला. मी ‘हिंदुस्थानी संगीतातील हार्मोनियमचा इतिहास’ असं भलंमोठं नाव देऊन बसले होते. मॅडमनी त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘कुठला तुकडा?’ अर्धा तास घासाघीस झाल्यावर तुकडा निघाला तो असा : रेडिओवर पेटीला बंदी होती, ती कोणी घातली, केव्हा, कशासाठी, आणि नागपूरकडच्या पेटीवाल्यांना ती कशी भोवली. सायली माझ्यासोबत आहे. ती स्वतः पेटी शिकते, म्हणजे आमच्या दोघींत एक तरी पक्षपाती आहेच.

मॅडमची अट : प्रत्येक विधानासमोर लिहायचं की सांगणाऱ्याला हे कसं कळलं. ‘पुस्तकात दिलंय’ हे उत्तर धरलं जाणार नाही. पुस्तकाला कोणी सांगितलं, ते लिहा.

२१ नोव्हेंबर

हाताला लागेल ते गोळा केलं. परीक्षेची दोन गाइडं, एका जुन्या गौरवअंकातला लेख, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे दोन प्रबंध, इंटरनेटवरची दोन पानं. एकूण सात. बंदीचं उत्तर मात्र तीन तऱ्हांचं. चार जण म्हणतात, माहितीमंत्री बा. वि. केसकरांनी १९५२ नंतर घातली. एक म्हणतो, स्वातंत्र्य मिळाल्यावर परदेशी वाद्य म्हणून नेहरूंच्या सरकारने घातली. दोघं म्हणतात, १९४० साली, इंग्रजांच्याच अमदानीत.

सायली म्हणाली, “चार विरुद्ध दोन विरुद्ध एक. केसकर निवडून आले.”

मलाही तसंच वाटलं होतं. पण संध्याकाळी तक्ता भरताना एक गंमत दिसली. केसकरवाल्या चारही ठिकाणी हार्मोनियमच्या फ्रेंच जनकाचं नाव ‘डेबियन’ असं छापलंय आणि पेटंटचं साल १८४०. माणूस अलेक्झांद्र दबँ, आणि पेटंट १८४२ चं. नाव चारही जणांनी आपापल्या बुद्धीने एकाच पद्धतीने चुकवावं आणि सालही तेच चुकवावं, हे कसं होईल? परीक्षेत कॉपी पकडतात ती बरोबर उत्तरांवरून थोडीच, सारख्या चुकांवरून. हे चार साक्षीदार नव्हेतच. एकाच्याच वहीवरून तिघांनी उतरवलेलं आहे, आणि त्या एकानेही कुठून घेतलं ते लिहिलेलं नाही.

तक्त्यात चार खोडून एक केलं. केसकरांची आघाडी गेली.

२५ नोव्हेंबर

केसकर खरेच कोण होते ते आधी पाहून घेतलं. माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री, १९५२ ते १९६२. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, लोक रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. हे सगळं नीट नोंदलेलं आहे.

एकदा माणसाच्या नावावर एक बंदी लागली की आजूबाजूच्या बेवारस बंद्याही त्याच्याच दारात येऊन पडतात, असं दिसतंय. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. तक्त्यात ‘अंदाज’ या रकान्यात टाकला. हा रकाना मॅडमनी सांगितलेला नव्हता. पण तो नसता तर माझी निम्मी वाक्यं बेघर झाली असती.

२ डिसेंबर

आजचा दिवस चुकीच्या दारात गेला. मला वाटलं, सरकारी हुकूम आहे, तर इथल्या पुराभिलेखागारात काही सापडेल. नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचं शहर होतं, आधी मध्यप्रांत-वऱ्हाडाची, मग जुन्या मध्यप्रदेशाची. कागद असणारच. तिथल्या काकांनी शांतपणे विचारलं, “रेडिओ कोणाच्या अखत्यारीत होता, प्रांताच्या की दिल्लीच्या?”

दिल्लीच्या. मग प्रांताच्या दप्तरात त्याचा हुकूम कसा निघणार? त्याची जागा दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येते, तेवढं काकांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. कागद शोधायचा तर आधी तो कोणत्या खात्यात जन्मला हे शोधायचं, हा धडा मला एका दिवसाच्या रजेत आणि येता-जाता मेट्रोच्या तिकिटात पडला. सीताबर्डीवर तर्रीपोहे खाऊन घरी.

९ डिसेंबर

आज घबाड मिळालं. ‘द इंडियन लिसनर’ हे रेडिओचं स्वतःचं इंग्रजी पाक्षिक. १९२७ च्या जुलैत ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ म्हणून निघालं, २२ डिसेंबर १९३५ पासून ‘लिसनर’ झालं, आणि जानेवारी १९५८ मध्ये त्याचं ‘आकाशवाणी’. पुष्कळ अंक स्कॅन होऊन फुकट वाचायला ठेवलेले आहेत. सगळ्या केंद्रांची कार्यक्रमपत्रकं, गवयांचे फोटो, मधूनमधून लेख. पडद्यावर पानं उलटताना मी संध्याकाळचा चहा दोनदा गार केला.

अडचणी दोन. पहिली, शोधखिडकीत ‘हार्मोनियम’ टाकलं की निम्मं सापडत नाही, कारण पुसट छपाई यंत्राने भलतीच वाचलेली असते. पान न् पान डोळ्यांनीच पाहावं लागतं. दुसरी जास्त अवघड. कार्यक्रमपत्रक आधी छापतात, कार्यक्रम नंतर होतो. गवयाचा घसा बसला, तबलजीची गाडी चुकली, तरी पत्रकात तो गायलेलाच असतो. शिवाय नाव गाणाऱ्याचं, साथ कोणाची याचा पत्ता नाही. तेव्हा पत्रकात पेटी दिसली नाही म्हणून ती वाजली नाही, असं म्हणता येणार नाही. काय ठरलं होतं हे पत्रक सांगेल. काय वाजलं, ते त्याला माहीतच नाही.

१६ डिसेंबर

कॉलेजच्या लॉगिनमधून ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मधला २०११ चा मॅथ्यू रहाईम यांचा लेख मिळाला. याच बंदीवर आहे. रहाईम यांनी मूळ कागद पाहिलेत आणि कुठे पाहिले ते प्रत्येक ठिकाणी सांगितलंय. त्यामुळे त्यांचं मत पटो न पटो, त्यांच्या मागोमाग चालत जाऊन तपासता येतं. आमच्या सातांपैकी एकाच्याही मागे असं चालता येत नाही.

आता हाती आलेला क्रम असा. १९३५ साली लायनेल फील्डन हे बीबीसीतून हिंदुस्थानच्या रेडिओचे प्रमुख म्हणून आले. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहत. त्यांनी १९३८ मध्ये ‘लिसनर’मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून कळवलं की साथीला पेटी त्यांना पूर्वीपासून नापसंत आहे आणि आश्रमातून ती त्यांनी पार घालवली आहे. १ मार्च १९४० पासून पेटी रेडिओवरून बंद.

म्हणजे केसकर मंत्री व्हायच्या बारा वर्षं आधी. नेहरूंचं सरकारही तेव्हा नव्हतं.

पण १९४० म्हणणारे आमचे दोघं तरी शुद्ध आहेत का? त्यातला एक प्रबंध ठामपणे लिहितो की बंदी ‘जॉन फोल्ड्स यांनी घातली’. फोल्ड्स एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारले. हुकूम निघाला तेव्हा त्यांना जाऊन दहा महिने झाले होते. त्यांनी वात पेटवली म्हणा हवं तर. साल बरोबर असलेल्या स्रोतातही माणूस चुकू शकतो, म्हणून आता एकेका स्रोताला नाही, एकेका वाक्याला गुण द्यायचे ठरवलंय.

टागोरांचं पत्र आम्ही मुळातून पाहिलेलं नाही, दुसऱ्याने उद्धृत केलेलं वाचलंय. तसंच लिहायचं. सायलीचं म्हणणं, “कोणाला कळतंय?” मी तिला ‘डेबियन’ची आठवण दिली.

२४ डिसेंबर

आज वाचन नाही, ऐकणं. पेटी नको म्हणणाऱ्यांचं मुख्य म्हणणं दोन ओळींत मावतं : पट्टी दाबली की ठरावीक सूर, दोन सुरांमधून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) घेता येत नाही, आणि सूर पाश्चात्त्य पद्धतीने बारा समान भागांत लावलेले असल्यामुळे आपल्या गंधार-निषादाशी जुळत नाहीत. मग त्या काळचे गवई पेटीवर गात होते की नाही? हे कागदाला विचारण्यापेक्षा ग्रामोफोनच्या तबकड्यांना विचारावं.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत मागे पेटी स्पष्ट ऐकू येते. सुराच्या बाबतीत इतका काटेकोर गवई, आणि साथीला पेटी! बालगंधर्वांच्या नाट्यपदांत तर पायपेटी म्हणजे ऑर्गन हवाच. गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवाले, त्यांनीच १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. आपल्याकडच्या रंगभूमीतून पेटी काढली तर अर्धी नाटकं मुकी होतील. दिल्लीत बसून पेटीचा निकाल लावणाऱ्यांनी हे ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. (अंदाज रकाना.)

तबकडीचंही सगळं खरं मानायचं नाही. एका बाजूला तीनेक मिनिटं मावतात, म्हणून त्या लांबीवरून मैफल कशी होती हे ठरवता येत नाही. आणि जुन्या तबकड्या सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांवर घेतलेल्या नव्हत्या. वेग बदलला की पट्टी, म्हणजे सुराची उंची, बदलते. ‘खाँसाहेब अमुक पट्टीत गात’ असं यूट्यूबवरून ठरवणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. पण मागे पेटी आहे की सारंगी, हे कोणत्याही वेगाला ऐकू येतं. तेवढंच आम्ही विचारलं.

५ जानेवारी

नागपूरच्या महाल भागात सायलीच्या गुरूंच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, वय ८७. उभी हयात पेटी वाजवली : भजनं, नाटकं, गणपतीतल्या मैफली. वाड्याच्या ओसरीवर पेटी उघडून बसले होते. पेटीला गुजरातेतल्या पालिटाण्याचे सूर आहेत, हे त्यांनी नाव विचारायच्या आधी सांगितलं. दीड तास बोलले, परवानगी घेऊन फोनवर टेप केलं. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकत होते त्या दिवसांच्या गोष्टी अर्धा तास चालल्या. आजोबांच्या जन्माआधीच्या आहेत, ऐकीव आहेत, पण झकास आहेत. वेगळ्या फाइलीत ठेवल्या.

बंदीबद्दल : “केसकरसाहेबानं बंद केली पेटी. दुसरं कोन करनार? रेडिओवर गाणारा आत जाय, सारंगीवाला आत जाय, आमी बाहेर.”

परत येताना मी खूश होते. जिवंत साक्षीदार! रात्री टेप उतरवायला घेतली आणि तोंड पडलं. आजोबांच्या त्या वाक्याच्या आधी माझाच आवाज आहे : “आजोबा, केसकरांच्या काळात बंदी आली तेव्हा…” म्हणजे नाव मीच त्यांच्या हातात दिलं. वकिलाने असं केलं असतं तर न्यायाधीशाने तिथेच अडवलं असतं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचं निमित्त करून पुन्हा महालात. (आजच्याच तारखेला १९२३ साली विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. बर्डीवरच्या त्यांच्या इमारतीवरून जाताना आठवलं.) या वेळी विचारायचं काम सायलीकडे, मी फक्त वड्या वाटायच्या. तिने विचारलं, “आजोबा, तुम्ही रेडिओवर वाजवलं का कधी?” बस, एवढंच.

“कसा वाजवीन? बंद होती ना पेटी. तो मंत्री होता न, केसकर. त्याचं राज होतं.”

म्हणजे नाव त्यांच्या मनातलंच आहे. माझी चूक झाली होती, तरी साक्ष खोटी नव्हती.

मग त्यांनी ट्रंकेतून एक हस्तपत्रक काढलं. नाट्यपदांची मैफल, खाली ‘संवादिनी’ (म्हणजे पेटीच) आणि त्यांचं नाव. अभिमान दिसत होता. म्हणाले, “पाकिस्तानच्या लढाईच्या वर्षी, पासष्ट.” पत्रकावर साल नाही, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. पण तिकिटाचा दर ‘५० न. पै.’ असा छापलाय, आणि छापखान्याच्या पत्त्यात ‘नागपूर (मुंबई राज्य)’.

घरी येऊन आम्ही दोघी त्यावर तुटून पडलो. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. त्यातलं ‘नवे’ गळलं जून १९६४ मध्ये, म्हणून पासष्ट अवघडच. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या तर पत्रक एप्रिल १९५७ ते एप्रिल १९६० या तीन वर्षांतलं. छापखाना जुनाच ठोकळा वापरत राहिला असेल तर वरची हद्द थोडी सैल धरायची. तरी पासष्टपर्यंत ती ताणत नाही. आजोबा तेव्हा विशीच्या आसपासचे होते.

आणि तेव्हा मंत्री कोण? केसकर.

हे लक्षात आलं तेव्हा मी सायलीला रात्री साडेदहाला फोन केला. आजोबा चुकलेले नाहीत, आम्ही त्यांना भलता प्रश्न विचारत होतो. १९४० साली ते दोन वर्षांचे होते. हुकूम कोणी काढला हे त्यांना कुठून कळणार? पण ते पेटी घेऊन उभे राहिले तेव्हा दार बंद होतं आणि दारावर केसकरांचं नाव होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

२३ जानेवारी

वर्तमानपत्रं. मार्च १९४० मध्ये नागपुरात बंदीची बातमी आली का, हे पाहायचं होतं. एका ग्रंथालयात बांधीव फायली आहेत. जानेवारी-फेब्रुवारी मिळाल्या, पानं बोट लावलं की बिस्किटासारखी तुटतात. मार्चची फाइल ‘बांधायला गेली आहे’. केव्हा गेली? “ताई, मी लागलो त्याच्याआधी.” पुढे चला.

एक गोष्ट मात्र हिशेबातच निघाली, त्यासाठी कुठलीही फाइल लागली नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं जुलै १९४८ मध्ये. बंदी तेव्हा आठ वर्षांची होती. १९७० मध्ये दिल्लीत पेटीवर परिसंवाद झाला आणि १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही साथीपुरती. म्हणजे नागपूरच्या पेटीवाल्याकडून रेडिओने पेटी ‘काढून घेतली’ असं झालंच नाही. इथे रेडिओ आला तोच पेटीशिवाय, आणि पहिली तेवीस वर्षं तसाच राहिला. मुंबईच्या पेटीवाल्याने आधीचे दिवस पाहिले होते. आमच्या आजोबांच्या पिढीला तुलना करायला काही नव्हतंच. सगळी पुस्तकं बंदीचा इतिहास दिल्ली-कलकत्त्याकडून सांगतात, म्हणून हे कुठे लिहिलेलं नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

२ फेब्रुवारी

कच्चा मसुदा मॅडमकडून परत आला. लाल रंग बराच. मुख्य झाडणी अशी की मी इंग्रजांनी पेटी बंद केली आणि आपल्या लोकांना ती हवी होती, अशी सरळ गोष्ट रचली होती. मॅडमनी समासात लिहिलं, ‘टागोर इंग्रज होते काय?’

खरंय. पेटीवर राग दोन्हीकडे होता आणि प्रेमही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुलकी सेवेतले अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी तर बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म सूरही देणारी, पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला, संगीतशास्त्रकार भातखंडे त्या परिषदेचे सूत्रधार. तिथे ती गवयांच्या पसंतीस उतरली नाही. हे प्रकरण मसुद्यात एका परिच्छेदात घेतलं, कारण यामुळे पेटीचं भांडण रेडिओच्या आधीचं आहे एवढं कळतं. श्रुतींच्या मोजमापात शिरायचा मोह आवरला. तो वेगळा प्रकल्प होईल, आणि तो सायलीने करावा.

११ फेब्रुवारी

गाइडं यादीतून काढायची की ठेवायची, यावर वाद. मी म्हटलं काढू, मॅडम म्हणाल्या ठेवा. चुकीची माहिती कशी पसरते याचा तो पुरावाच आहे, फक्त त्यांना बंदीबद्दल विचारू नका. तेव्हा तक्ता पुन्हा मांडला. आता पहिल्या रकान्यात स्रोताचं नाव नाही, प्रश्न आहे. ‘हुकूम केव्हापासून लागू?’ समोर १९४० च्या कागदांवर आधारलेलं संशोधन. ‘काय ठरवलं होतं?’ समोर पत्रकं. ‘साथीला काय होतं?’ समोर तबकड्या. ‘नागपुरात लोक दोष कोणाला देत?’ समोर आजोबा, आणि गाइडंही. शेवटच्या रकान्यात दोघं शेजारी बसलेले पाहून सायलीला हसू आवरेना.

१८ फेब्रुवारी

छापायला देण्याआधी आजोबांना त्यांच्याबद्दलचं पान वाचून दाखवायचं कबूल केलं होतं. गेलो. हस्तपत्रकाचं वर्ष त्यांनी पाच मिनिटं मानलं नाही, मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “असंन. लग्नाच्या आंधी होता तो कार्यक्रम, हे खरं.” ते लग्नाचं साल आम्ही विचारलंच नव्हतं! १९६१. नोंदवलं. हद्द आता आणखी पक्की.

मग केसकरांचं वाक्य वाचलं : बंदी १ मार्च १९४० पासून होती, ती केसकरांच्या काळात चालू राहिली.

“म्हणजे त्यानं नाही केली?”

“त्यांच्या आधीपासून होती आजोबा. इंग्रज साहेब होते तेव्हा.”

त्यांनी भाता दोनदा दाबून सोडला. “उठवली काऊन नाही मंग त्यानं दहा वर्सं? तू केसकरच लिही.”

मजकुरात १९४० च ठेवलं. त्यांचा प्रश्न परिशिष्टात घेतलाय, त्यांच्याच शब्दांत, आजची तारीख घालून.